चार वाघांची परीक्षा

बुद्धपौर्णिमा जवळ आली की नागपूरच्या धरमपेठेत मचाणाच्या गोष्टी सुरू होतात. पेंचला कोण, ताडोब्याला कोण, कोणत्या पाणवठ्यावर. रात्रभर जागून नोंदी करण्यात मजा आहेच. वाघांचा आकडा मात्र त्यांवरून आता कोणी काढत नाही.

तो पूर्वी पंजाच्या ठशांवरून निघे. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास ही रीत बसवली. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि अनुभवी माणसानं सांगायचं, हा वेगळा, हा कालचाच. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १८२७ वाघ निघाले. त्यात चूक किती असेल, हे कोणी सांगत नसे.

वाघांचे अभ्यासक उल्लास कारंथ यांनी १९८७ च्या लेखात एक प्रयोग मांडला. पिंजऱ्यातल्या चार वाघांचे ३३ ठसे सहा जाणकारांपुढे ठेवले. चार हे उत्तर एकालाही देता आलं नाही. उत्तर आधीच ठाऊक असेल तिथे पद्धत चालवून बघायची, ही आजच्या संगणकी तपासणीची रीत. आपल्याकडे तिचं मूळ मला याच प्रयोगात दिसतं.

ठशांच्या जागी आलेलं गणित जुनंच. डेन्मार्कच्या पीटरसननं १८९६ मध्ये ते खुणा केलेल्या माशांवर मांडलं होतं. वाघाला खूण करावी लागत नाही, पट्टे असतातच. पहिल्या खेपेला कॅमेऱ्यात २० वाघ आले, दुसऱ्या खेपेला १५, त्यांतले १० ओळखीचे. १५ पैकी दोन-तृतीयांश आधी दिसलेले, तर पहिले २० हेही साऱ्या वाघांचे दोन-तृतीयांश. म्हणजे रानात साधारण ३०. कारंथांनी नव्वदच्या दशकात हे नागरहोळेत करून दाखवलं, पुढे पेंचमध्येही. सरकारी गणना बदलायला मात्र राजस्थानातलं सरिस्का व्हावं लागलं: कागदावर वाघ होते, २००५ पर्यंत रानात एकही उरला नव्हता. नव्या पद्धतीनं २००६ चा आकडा आला १४११.

पण हे गणित धरून चालतं की प्रत्येक वाघ कॅमेऱ्यापुढे सारखाच येईल. बुजरी वाघीण येत नाही. म्हणून संगणकात खोटं रान रचतात, त्यात ३० वाघ सोडतात, त्यांतले काही मुद्दाम बुजरे, आणि प्रोग्रामला फक्त खोटे फोटो देतात. असं शेकडो वेळा. दर वेळी २४ च्या आसपासच उत्तर आलं, तर गृहीतक चुकलंय की कोड? तीच माहिती वेगळ्यानं लिहिलेल्या दुसऱ्या प्रोग्राममधून काढली की बराचसा उलगडा होतो.

२०१८ च्या सरकारी गणनेच्या अहवालात २९६७ वाघ आहेत आणि शेजारीच २६०३ ते ३३४६ अशी मर्यादा छापली आहे. बातम्यांत बहुतेकदा पहिलाच आकडा येतो.