पुरणे, साठवणे, जिरवणे

नागपूरच्या इतिहासात सीताबर्डीची टेकडी येते ती १८१७च्या लढाईमुळे. ती ज्या काळ्या कातळाची आहे, त्याचा इतिहास आपण भूगोलाच्या प्राध्यापकांकडे सोपवून मोकळे होतो. (स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५५ साली नागपूर परिसरातील खडक व जीवाश्मांवर निबंध प्रसिद्ध केला होता, आपल्या लेखी हिस्लॉप म्हणजे महाविद्यालयाची पाटी.) आता या कातळाविषयी एक नवा प्रश्न विचारला जातो आहे: कोळसा आणि तेल जाळून निघणारा कर्बवायू त्यात कायमचा कोंडता येईल काय?

ही विद्या मूळची तेलवाल्यांची. १९७४च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ला मुंबईच्या समुद्रात तेल लागले, ते कंपनलहरींच्या प्रतिध्वनीवरून थर वाचण्याच्या कौशल्यामुळे. विंधन करणे, छिद्रात पोलादी नळ्या व सिमेंट बसवणे, खोलवरचा दाब सांभाळणे ही कामे वायू खाली सोडतानाही तीच राहतात. दिशा तेवढी उलटते. टेक्सासमध्ये १९७२ साली हा वायू जमिनीत दाबला गेला तो उरलेसुरले तेल वर ढकलण्यासाठी, पर्यावरणाच्या कळवळ्याने नव्हे. नॉर्वेने १९९६ मध्ये स्लाइप्नर येथे समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात तो निव्वळ साठवण्यासाठी सोडला. त्यामागेही १९९१चा कर्बकर होताच.

परंतु तेलवाल्यांचा खडक सच्छिद्र वालुकाश्म किंवा चुनखडक. त्यात वायू ‘साठतो’, म्हणून वरच्या अभेद्य थरावर पिढ्यान्‌पिढ्या पहारा ठेवावा लागतो. आपल्या बेसॉल्टची रीत वेगळी. आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडलेल्या कर्बवायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत दगड होऊन बसला. खडकातील कॅल्शियमशी त्याचा संयोग होतो. यासाठी ‘पुरणे’ हा शब्द अपुरा वाटतो, ‘साठवणे’ चुकीचा. पाणलोटाच्या कामातून रूढ झालेले ‘जिरवणे’ हेच क्रियापद नेमके.

मात्र त्या पद्धतीत टनभर वायू जिरवायला सुमारे २५ टन पाणी लागते. विदर्भात हे आकडे कोण कोणाला ऐकवणार? अमेरिकेत वॉलुला येथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू पाण्यात न विरघळवता बेसॉल्टमध्ये सोडला गेला, एवढाच काय तो दिलासा.

अडचण आणखी आहे. वायू दाबाखाली दाट राहण्यासाठी साधारण ८०० मीटरहून अधिक खोली हवी. नागपूर दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्व काठावर. येथे त्याचे थर पातळ. कोराडीची धुराडी इथे, जाड कातळ सह्याद्रीत. कोयनेजवळ २०१७ साली पूर्ण झालेल्या सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनात बेसॉल्ट सव्वा किलोमीटर जाड आढळला. पण ते विंधन ज्यासाठी झाले, ते कारण भूकंपाचे होते. ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपाचा संबंध धरणाच्या साठ्याशी जोडला जातो. म्हणजे वरून पडलेल्या पाण्याच्या भाराने जी भूमी हलली असे मानले जाते, तिच्या पोटात आता दाबाने काही सोडावे काय, हे तेथील गावकऱ्यांना विचारावे लागेल.