हिंदकेसरी गणपतराव आंदळकर : माती आणि गादी यांमधील एका वजनदार मल्लाची कारकीर्द

प्रस्तावना

कोल्हापूरच्या मल्लविद्येचा विचार करताना दोन भिन्न प्रकारचे यश नजरेसमोर येते. पहिले खाशाबा जाधव यांचे. राजाराम महाविद्यालयाच्या या विद्यार्थ्याने १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळविले आणि स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. दुसरे यश खासबागेच्या आखाड्यात गाजलेल्या वजनदार मल्लांचे. त्यांची नावे कोल्हापूर, सांगली, सातारा व बेळगाव या परिसरातील घराघरांत पोहोचली. ऑलिंपिकच्या पदकतालिकेत मात्र त्यांपैकी एकाचेही नाव नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत भारताला कुस्तीत मिळालेली सर्व पदके ६६ किलो किंवा त्याहून कमी वजनगटांतील आहेत. ज्या भूमीने वजनदार मल्लाला सर्वाधिक मान दिला, त्या भूमीच्या पहिल्या पदकाचा मानकरीही हलक्या गटातील मल्लच ठरला.

अशा स्थितीत वजनदार मल्लाच्या कारकिर्दीचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, हा प्रश्न उपस्थित होतो. केवळ पदकांची कसोटी लावली तर एका समृद्ध परंपरेवर अन्याय होतो. केवळ मैदानी लोकप्रियतेची लावली तर तिच्या मर्यादा झाकल्या जातात. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर (१९३५-२०१८) यांची कारकीर्द या दोन्ही कसोट्यांना सामोरी गेलेली असल्यामुळे प्रस्तुत लेखात तिचा विचार केला आहे.

संस्थानी आश्रय आणि वजनदार मल्लाचे स्थान

राजर्षी शाहू छत्रपती १८९४ मध्ये गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत कोल्हापूर हे देशभरातील मल्लांचे आश्रयस्थान बनले. तालमींना मदत, मल्लांना खुराक आणि नामांकित वस्तादांना दरबारी मान ही त्यांच्या धोरणाची प्रमुख अंगे होती. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिल्यानंतर कोल्हापुरात तसेच मैदान असावे असे त्यांच्या मनाने घेतले. पुढील दशकात खासबाग मैदान उभे राहिले. आखाडा मध्यभागी आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्याने हजारो प्रेक्षकांना कुस्ती विनाअडथळा पाहता येते.

या आखाड्याचे नियम समजून घेतल्याशिवाय वजनदार मल्लाचे महत्त्व कळत नाही. मातीतील कुस्तीत काटेकोर वजनगट नसत. जोड पाहून कुस्ती नेमली जाई. गुणांची पद्धत नव्हती. पाठ मातीला लागून मल्ल चीतपट झाला तरच कुस्ती निकाली मानली जाई. लहान जोडांपासून सुरू झालेले मैदान दिवस कलताना पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीपर्यंत पोहोचे. ती कुस्ती, तिचे इनाम आणि तिची कीर्ती स्वाभाविकपणे सर्वांत बलदंड मल्लांच्या वाट्याला येत असे. त्यामुळे दूध, तूप व बदामाच्या थंडाईचा खुराक, हजारोंच्या संख्येने जोर-बैठका आणि हौद्यातील लढती ही सारी साधना अखेरीस वजन व ताकद कमावण्याकडे वळत असे. हलक्या मल्लाचे कौशल्य वाखाणले जाई, परंतु मैदानाचा राजा तो होत नसे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी आश्रयाचा कालखंड संपला. त्याची जागा क्रमाने तिकिटाची मैदाने, गावोगावच्या यात्रा समित्या आणि पुढे सहकारी साखर कारखाने यांनी घेतली. आश्रयदाता बदलला, आश्रयाचा निकष मात्र बदलला नाही. गर्दी खेचणारा वजनदार मल्लच नव्या व्यवस्थेलाही हवा होता.

जडणघडण आणि हिंदकेसरी किताब

याच संक्रमणकाळात, १९५० च्या सुमारास, आंदळकर कोल्हापुरात आले. त्यांचा जन्म १५ एप्रिल १९३५ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातल्या पुनवत या गावी झाला. वारणा खोऱ्यातील या भागातून कोल्हापूरच्या तालमींत मुले पाठविण्याची प्रथा जुनी होती. मोतीबाग तालमीशी जडलेला त्यांचा संबंध पुढे आयुष्यभर टिकला.

स्वातंत्र्योत्तर काळात कुस्तीला अखिल भारतीय पातळीवर मान्यताप्राप्त किताबाची आवश्यकता भासू लागली. १९५९ मध्ये हिंदकेसरी हा किताब सुरू झाला आणि त्याचे पहिले मानकरी श्रीपती खंचनाळे ठरले. बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथील या मल्लाची घडण कोल्हापुरातच झाली होती. पाठोपाठ १९६० मध्ये पंजाबच्या खडकसिंगावर मात करून आंदळकरांनी तो किताब पटकाविला. उत्तरेकडील, विशेषतः पंजाबच्या, मल्लांचे वर्चस्व दीर्घकाळ गृहीत धरले जात होते. पहिल्या दोन वर्षांत दोन्ही वेळा किताब कोल्हापूरच्या तालमींत आल्याने या समजाला तडा गेला. या घटनेचा महाराष्ट्रातील मल्लांच्या आत्मविश्वासावर झालेला परिणाम किताबापेक्षाही मोठा होता.

माती आणि गादी : जकार्ता १९६२

हिंदकेसरीनंतर केवळ मैदानी कुस्त्या करून आंदळकरांना सन्मानाने व सुखाने राहता आले असते. त्यांनी गादीवरील आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा मार्गही स्वीकारला. हा बदल वरकरणी दिसतो तितका सोपा नव्हता.

मातीत मल्ल पालथा पडून जमिनीला धरून राहिला तर त्याचे काही बिघडत नाही. प्रतिस्पर्ध्याला तो थकवू शकतो आणि योग्य क्षणी उलटू शकतो. गादीवर खाली नेले जाणे हाच गुणांचा तोटा असतो. मातीतील लढत तासभर रंगू शकते; गादीवर मिनिटे मोजलेली असतात. माती पायाखाली दबते, गादी दबण्याचे प्रमाण वेगळे. अनवाणी पायांची पकड आणि बुटातील पकडही भिन्न. माती आणि गादी यांतील अंतर किती मोठे असू शकते याचे उदाहरण गामा पैलवानाच्या चरित्रात सापडते. १९१० मध्ये लंडन येथे पोलंडच्या झ्बिस्कोने गादीला पालथे बिलगून गामाला अडीच तासांहून अधिक काळ निकालापासून दूर ठेवले. १९२८ मध्ये पतियाळाच्या आखाड्यात त्याच झ्बिस्कोला गामाने एका मिनिटाच्या आत आस्मान दाखविले.

१९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत आंदळकर ९७ किलोवरील गटात दोन्ही प्रकारांत उतरले. मुक्त शैलीत त्यांना रौप्यपदक मिळाले आणि ग्रीको-रोमन शैलीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. यातील सुवर्णपदक अधिक विचार करण्याजोगे आहे. ग्रीको-रोमन शैलीत कमरेखाली पकड करण्यास आणि पायांचा वापर करण्यास मनाई असते. म्हणजेच पट काढणे, टांग लावणे यांसारखे मातीतील नित्याचे डाव तेथे निरुपयोगी ठरतात. मुक्त शैली भारतीय कुस्तीला तुलनेने जवळची असताना सुवर्ण मात्र परक्या शैलीत मिळाले. याचे एक संभाव्य स्पष्टीकरण तालमीच्या मेहनतीतच शोधता येते. मान, खांदे, छाती व कंबर यांची ताकद आणि उभ्या झोंबीत प्रतिस्पर्ध्याचा भार पेलण्याची सवय ही कोल्हापुरी तालमीची देणगी होती. डाव वर्ज्य झाले तरी ही कमाई वर्ज्य झाली नाही. मातीतील साधना गादीवर सर्वस्वी वाया जाते हे मत या उदाहरणाने टिकत नाही.

याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानच्या मारुती माने यांनी ९७ किलो गटात मुक्त शैलीचे सुवर्ण व ग्रीको-रोमनचे रौप्य मिळविले. दोन सर्वाधिक वजनाच्या गटांत कृष्णा-वारणा परिसरातील दोघा मल्लांनी मिळून चार पदके जिंकली. माने पुढे १९६४ मध्ये हिंदकेसरी झाले. आंदळकरांनी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले. तेथे त्यांना पदक मिळाले नाही. भारत सरकारने अर्जुन पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला.

कारकिर्दीचा उत्तरार्ध : वस्तादपण

वजनदार मल्लाच्या कारकिर्दीतील कठीण काळ कुस्ती सोडल्यानंतर सुरू होतो. उतरत्या वयात खुराक व मेहनत कमी करावी लागते, परंतु कमावलेले शरीर सांभाळावेच लागते. इनामाचे उत्पन्नही थांबते. त्या काळी अशा मल्लापुढे निरनिराळे मार्ग होते. दारासिंग यांनी व्यावसायिक फ्रीस्टाइल कुस्ती आणि चित्रपट हा मार्ग निवडला व त्यात अफाट लोकप्रियता मिळविली. काहींनी नोकरी पत्करली, काहींनी शेतीकडे पाठ न फिरविता गावी जाणे पसंत केले. आंदळकरांनी तालमीतच राहून वस्तादपण स्वीकारले.

न्यू मोतीबाग तालमीत त्यांनी घडविलेल्या मल्लांत दादू चौगुले यांचे स्थान विशेष आहे. राधानगरी तालुक्यातील अर्जुनवाड्याचे चौगुले १९७० व १९७१ असे सलग दोन वेळा महाराष्ट्र केसरी झाले. १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०० किलोवरील गटात रौप्यपदक मिळविले. गुरूने १९६२ मध्ये सर्वांत वजनदार गटात मिळविलेल्या यशानंतर बारा वर्षांनी शिष्याने त्याच स्वरूपाच्या गटात आंतरराष्ट्रीय पदक मिळवावे, ही गोष्ट योगायोगाची म्हणता येत नाही. माती व गादी या दोहोंचा अनुभव असलेला वस्ताद तालमीत असणे किती मोलाचे असते, हे यावरून स्पष्ट होते. चौगुले यांना २०१८ मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

परंपरेची मर्यादा

तथापि आंदळकरांनी वैयक्तिक पातळीवर जे साधले ते कोल्हापूरच्या कुस्तीव्यवस्थेला त्याच प्रमाणात साधले नाही. १९७६ मध्ये खासबागेत झालेली युवराज पाटील व दिल्लीचे सतपाल यांची कुस्ती या संदर्भात पाहण्यासारखी आहे. ती पाटील यांनी जिंकली आणि कोल्हापूरकरांच्या स्मरणात ती कायम राहिली. सतपाल यांनी मात्र १९७८ च्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत १०० किलो गटात सुवर्ण मिळविले. पुढे दिल्लीतील छत्रसाल स्टेडियममध्ये त्यांनी गादीवरील कुस्तीचे केंद्र उभे केले. २००८ व २०१२ मध्ये ऑलिंपिक पदके जिंकणारा सुशीलकुमार हा त्याच केंद्रात घडला. खासबागेत हरलेल्या मल्लाने गादीचे शिक्षण संस्थेच्या रूपात रुजविले. जिंकलेल्या परंपरेत ते अनुभवी वस्तादांच्या व्यक्तिगत कर्तृत्वावर अवलंबून राहिले.

यात दोष वस्तादांचा नव्हे. यात्रेच्या मैदानाचे अर्थकारण निकाली कुस्ती आणि वजनदार जोड यांवर उभे होते. मल्लाला रोजचा खुराक त्यातूनच मिळत असे. पदकाची शक्यता दूरची आणि मैदानाचे इनाम जवळचे होते. गादी, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ व परदेशी सराव यांचा खर्च एखाद्या तालमीच्या आवाक्याबाहेरचा होता. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे दोन स्वतंत्र विभाग ठेवून त्यांच्या विजेत्यांत अंतिम लढत घेण्याची पद्धत रूढ झाली. ती या दुभंगलेल्या वास्तवाशी केलेली तडजोडच होय. अंतिम किताबाची लढत मात्र अद्यापही सर्वाधिक वजनाच्या गटातच होते.

समारोप

१६ सप्टेंबर २०१८ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी पुणे येथे आंदळकरांचे निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीच्या अभ्यासातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, संस्थानी आश्रय संपल्यानंतरही कोल्हापूरची कुस्ती टिकली, कारण लोकाश्रयाने तिला सावरले. पण त्याच लोकाश्रयाने वजनदार मल्ल व निकाली कुस्ती हे जुने मानदंडही कायम ठेवले. दुसरी, मातीतील साधना गादीवरील यशाच्या आड येतेच असे नाही. जकार्ताचे सुवर्णपदक हा त्याचा पुरावा आहे. तिसरी, दोन्ही पद्धतींचा मेळ एखाद्या मल्लाच्या देहात आणि एखाद्या वस्तादाच्या शिकवणुकीत घालता येतो, परंतु संस्थात्मक आधाराविना तो पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचत नाही.

हेलसिंकीला जाणाऱ्या खाशाबांसाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवल्याचे सांगितले जाते. आंदळकरांनी तालमीला आपले उर्वरित आयुष्य दिले. दोन्ही घटनांत व्यक्तीच्या त्यागाने व्यवस्थेची उणीव भरून काढली. शैक्षणिक संस्था, तालमी आणि शासन यांनी ही उणीव संयुक्तपणे दूर करणे हे या भागातील क्रीडाविकासापुढील आजचे कार्य आहे. त्यासाठी माती सोडण्याची गरज नाही. तालमीच्या हौद्याशेजारी गादी अंथरली जाणे आणि ती शिकविणारा वस्ताद तेथे टिकून राहणे आवश्यक आहे.