उघडी गाडी

ब्रॉयलर बाजारात येईपर्यंत 'गावठी कोंबडी' हा शब्द कुणाला लागत नव्हता. कोंबडी म्हणजे कोंबडी. दुसरी आली तेव्हा पहिलीला विशेषण चिकटलं. 'नेकेड' मोटारसायकलचं नेमकं तसंच झालं. इंजिन उघडं, चॅसी उघडी, वर टाकी, टाकीमागे माणूस, पुढे गोल दिवा. १९५० साली याला 'नागडी गाडी' म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याने विचारलं असतं, मग कपडे घातलेली कुठली असते? म्हणून उघड्या गाडीचा इतिहास सांगायचा तर सुरुवात कपड्यांपासून करावी लागते.

कपडे, म्हणजे फेअरिंग, आले वाऱ्यामुळे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला सारत पुढे जायला लागणारी ताकद घनाने. ताशी १०० किलोमीटरवरून १४० वर जायचं तर वेग वाढतो ४० टक्के, पण निव्वळ वाऱ्यासाठी लागणारी ताकद होते जवळजवळ पावणेतीनपट. शर्यतवाल्यांना हे लवकर कळलं. मोतो गुझ्झी या इटालियन कंपनीने १९५० साली मांदेल्लो देल लारिओ या तळ्याकाठच्या गावात, आपल्या कारखान्यातच, वाऱ्याचा बोगदा बांधला. अख्खी मोटारसायकल आत उभी राहील एवढा. त्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर पुढचं चाकसुद्धा झाकणारी पत्र्याची टोपरी चढली. इंग्रज त्यांना 'डस्टबिन' म्हणत. वेग वाढला, पण आडवा वारा आला की गाडी शिडाच्या होडीसारखी भरकटे. अखेर १९५८च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय महासंघाने चाक झाकणाऱ्या फेअरिंगवर बंदी घातली.

या सगळ्यावर एक उलटा उपायही होऊन गेला होता. सप्टेंबर १९४८मध्ये अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरावर रॉली फ्री नावाच्या गृहस्थाने व्हिन्सेंट गाडीवर विक्रमाचा प्रयत्न केला. वाऱ्यात फडफडून अंगातला चामड्याचा पोशाख फाटला, तेव्हा त्याने तो काढूनच टाकला आणि पोहण्याची चड्डी घालून, मागच्या मडगार्डवर पोट टेकवून आडवा झाला. वेग भरला ताशी १५० मैलांच्या किंचित वर, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर. तो फोटो पाहिला नसेल तर जरूर पाहा. नेकेड हा शब्द मोटारसायकलला लागण्याच्या कितीतरी आधी तो चालवणाऱ्याला लागू झाला होता.

रस्त्यावरच्या गाड्यांना मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षं कपड्यांची गरज पडली नाही. कारण एवढी ताकदच नव्हती. ती आणली १९६९च्या होंडा सीबी ७५०ने: चार सिलिंडर, ६७ अश्वशक्ती, बटणस्टार्ट, पुढे डिस्क ब्रेक. १९७२मध्ये कावासाकीची झेड वन आली, ९०३ सीसीची, ८२ अश्वशक्तीची. या गाड्या ताशी २०० किलोमीटरपर्यंत जात, पण त्यांच्यावर सरळ बसलेला माणूस तिथवर टिकत नसे. छातीवर वारा, ओढलेले खांदे, हँडलबारला लोंबकळलेले हात. इंजिन माणसाच्या पुढे निघून गेलं होतं. त्यावर १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस काढली. तिचं पूर्ण फेअरिंग पिनिनफारिनाच्या वाऱ्याच्या बोगद्यात घासूनपुसून ठरवलेलं होतं. तिच्या मागे बसून माणूस जर्मन महामार्गावर दिवसभर वेगात जाऊ शके. हे खरंखुरं उपयोगाचं वस्त्र. १९८५च्या सुझुकी जीएसएक्स-आर ७५०पासून मात्र कपड्याचा गणवेश झाला. रस्त्यावरची गाडी शर्यतीच्या गाडीसारखी दिसलीच पाहिजे, असा दंडक पडला. हँडल खाली गेलं, पाय मागे गेले, इंजिन प्लॅस्टिकआड गेलं.

प्लॅस्टिकचा स्वभाव असा की गाडी स्टँडवरून आडवी झाली तरी ते तडकतं, आणि नवं घ्यायला गेलं की डोळे पांढरे होतात. इंग्लंडातल्या पोरांनी यावर सोपा मार्ग काढला. पडलेल्या गाडीचं फुटकं फेअरिंग काढून फेकायचं, उंच हँडलबार बसवायचा आणि तशीच चालवायची. या कडकीतून जी जात जन्मली तिला 'स्ट्रीटफायटर' असं भारदस्त नाव मिळालं. पुढे कंपन्यांनी तीच गाडी कारखान्यातूनच फुटक्यासारखी करून विकायला घेतली. फाटक्या जीन्सची गोष्ट वेगळी नाही.

पण यातली एक गाडी नुसती फॅशन नव्हती. मिगेल गालुझ्झी या अर्जेंटिनात जन्मलेल्या डिझायनरने डुकाटीच्या गोदामातल्या सुट्या भागांतून एक गाडी जुळवली: ९०० सुपरस्पोर्टचं हवेवर थंड होणारं इंजिन आणि ८५१ या शर्यती गाडीच्या घराण्यातली नळ्यांची चॅसी. ऑक्टोबर १९९२मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, १९९३पासून विकली जाऊ लागली. नाव मॉन्स्टर. तिची ताकद सत्तरीच्या घरातली, म्हणजे चोवीस वर्षांपूर्वीच्या सीबी ७५०हून फार पुढची नव्हेच. तरीही तिने डुकाटीला तारलं आणि पुढे तीन लाखांवर खपली. मला मॉन्स्टरचं मोल वाटतं ते यासाठी की तिने प्रश्न बदलला. तोवर विचारत, गाडी किती पळते? मॉन्स्टरच्या गिऱ्हाइकाला विचारायचं होतं, मी ज्या रस्त्याने रोज जातो तिथे ती कशी वाटते? त्यानंतर ट्रायम्फने १९९४मध्ये स्पीड ट्रिपल आणली आणि १९९७मध्ये तिला फेअरिंग उपटून काढल्यासारखे दोन उघडे, बटबटीत डोळे दिले.

जपानात हीच गोष्ट दुसऱ्या दाराने आली, आणि ते दार मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे १९७५ साली परवान्याचे नियम बदलले. मधल्या परवान्याची मर्यादा ठरली ४०० सीसी. त्यावरच्या गाडीसाठीची परीक्षा अतिशय अवघड. होंडाची सीबी ४०० फोर होती ४०८ सीसीची. कायद्यासाठी तिला ३९८ची केली. दहा सीसीसाठी इंजिन बदललं! त्या मर्यादेत जपान्यांनी चारशेच्या गाड्यांची जी नजाकत केली तिला तोड नाही. १९८९ साली कावासाकीची झेफर आली, साधी, उघडी, जुन्या वळणाची, आणि तिच्यामागोमाग तिथे नेकेड गाड्यांची लाट आली.

आपल्याकडे यातलं काय पोचलं? १९८३ साली एस्कॉर्ट्सने फरिदाबादला यामाहाची आरडी ३५० 'राजदूत ३५०' या नावाने बनवायला घेतली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. मूळ जपानी गाडी ३९ अश्वशक्तीची. आपल्या पेट्रोलची काळजी करून ती साडेतीसवर आणि नंतर २७वर उतरवली. पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम दिला. तरीही १८ अश्वशक्तीची बुलेट ज्या देशात दमदार समजली जाई तिथे हे प्रकरण अघोरी होतं. एका सेकंदात पायाखालून रस्ता निघून जाई. ॲव्हरेज विचारायची सोय नव्हती आणि ब्रेकबद्दल तर बोलूच नये. आरडी म्हणजे 'रॅपिड डेथ' असा विनोद रूढ झाला, आणि सगळे विनोद नुसते विनोद नसतात. दशक संपता संपता ती बंद पडली. आज तीच गाडी लोक देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी जपतात.

नंतरची वीस वर्षं शंभर सीसीची आणि ॲव्हरेजची. मग २००७ साली बजाजने केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीत साडेचौदा टक्के भागीदारी घेतली. २०११मध्ये चाकणला बनलेली १२५ ड्यूक युरोपात गेली. जानेवारी २०१२मध्ये २०० ड्यूक भारतात आली आणि जून २०१३मध्ये ३९०: ३७३ सीसी, ४३ अश्वशक्ती, पुढे-मागे डिस्क, एबीएस, किंमत दिल्लीत एक लाख ऐंशी हजार. तिचा आकार ठरला ऑस्ट्रियात, लोखंड घडलं चाकणला. ज्या चाकणची ओळख तोवर कांद्याचा बाजार आणि शायिस्तेखानाशी झुंजलेला भुईकोट एवढीच होती, तिथून मॉन्स्टरच्या कुळातली गाडी जगभर जाऊ लागली. मराठी माणसाने याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. मी बाळगतो.

पण त्या गाड्यांचे आकडे पाहा. १२५ ची ताकद ११ किलोवॉट. युरोपात सोळाव्या वर्षी मिळणाऱ्या पहिल्या परवान्याची मर्यादा नेमकी तेवढीच. ३९०ची ३२ किलोवॉट. जानेवारी २०१३पासून लागू झालेल्या तिथल्या नियमानुसार अठराव्या वर्षीच्या मधल्या परवान्यावर ३५ किलोवॉटपर्यंत चालतं, त्यात ती बसते. अमर्याद ताकदीची गाडी हवी असेल तर मधल्या परवान्यावर दोन वर्षं काढून पुन्हा परीक्षा, नाहीतर चोविसाव्या वर्षापर्यंत थांबा. म्हणजे ही गाड्यांची शिडी होती. पायऱ्या चाकणला घडत होत्या आणि शिडी उभी होती युरोपात. आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलचे वर्ग दोन: गिअर नसलेली आणि गिअर असलेली. अठरा पूर्ण केलेल्या मुलाने आरटीओच्या मैदानावर शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढला, की त्याच परवान्यावर तो संध्याकाळी दोनशे अश्वशक्तीची गाडी चालवू शकतो. कायदा त्याला अडवत नाही, दुकानदार अडवत नाही, बँक तर हप्ता बांधून देते.

माझी स्वतःची गाडी कुठली ते सांगत नाही, कारण तिच्याबद्दल चार वाकडे शब्द येणार आहेत. ती उघडी आहे आणि तिची ताकद मला पुरून उरते, एवढं बस. घेताना समोर दोन पर्याय होते: साधारण तेच इंजिन कपड्यांसह आणि कपड्यांविना. मी रस्त्यांचा हिशेब केला. फेअरिंगची मजा जिथे, ते मोठे सरळ रस्ते महाराष्ट्रात दुचाकीला बंदच आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, कुठेच प्रवेश नाही. आपल्या वाट्याला येतो जुना हायवे, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी. घाटात चाळीस-साठचा वेग, पावसाळ्यात वळणावर शेवाळ, पलीकडून आपल्या बाजूने येणारी एसटी. इथे रुंद हँडलबार हवा, ताठ पाठ हवी आणि मान वर हवी. वाऱ्यासाठी कपडे घालायचे तर आधी वारा लागला पाहिजे. तेव्हा निर्णय दहा मिनिटांत झाला.

संसार मात्र सोपा नाही. एप्रिलमध्ये कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि मांड्यांवर इस्त्री फिरते. दर पाचशे किलोमीटरला चेन साफ करून वंगण द्यावं लागतं. पावसात त्याहून लवकर. मागची सीट वीतभर. बायको एकदा लोणावळ्यापर्यंत डबलसीट आली आणि परत लोकलने गेली. ताशी नव्वदपर्यंत वारा सोबती असतो, एकशेदहाला भांडायला लागतो. हा मला तिचा गुणच वाटतो. कपडे घातलेली गाडी वेग लपवते, उघडी गाडी त्याची किंमत लगेच मानेकडून वसूल करते. पण हे चाळिशीतल्या मानेबद्दल झालं. अठराव्या वर्षी मान दुखत नाही, आणि एकशेदहापर्यंतची ताकद तर त्याआधीच सोडलेली असते, गल्लीतसुद्धा.

म्हणून भाच्याने, "मामा, डायरेक्ट मोठीच घेऊ ना?" असं विचारलं तेव्हा मला मॉन्स्टर आठवली नाही, जपान्यांचं ते ४०८चं ३९८ करणं आठवलं. आपल्याकडे एबीएस आलं, २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचं आहे. हेल्मेट १९८८च्या कायद्यात आहेच, पुणेकरांनी त्याविरुद्ध कितीही पगड्या घातल्या तरी. ब्रेकवर कायदा आहे, डोक्यावर आहे, मनगटावर नाही. सरकारने जी शिडी उभी केली नाही ती मग घरोघरच्या मामा-काकांना उभी करावी लागते.

ताई म्हणाली, तूच सांग त्याला, तुझ्याकडे गाडी आहे म्हणून तो तुझं ऐकतो. मी म्हटलं, माझ्याकडे गाडी आहे म्हणूनच तो ऐकत नाही. शेवटी तोडगा असा निघाला: दोन वर्षं दीडशे सीसीची जुनी गाडी, त्यातला एक पूर्ण पावसाळा, आणि ब्रेकिंग शिकायला आठवड्यातून एक सकाळ माझ्याबरोबर मोकळ्या मैदानात. मग पुढची गाडी, अर्धे पैसे माझे. त्याने तोंड वाकडं केलं. ताईने अट घातली की हे सगळं कागदावर लिहून सही करायची. कागद तिच्या कपाटात आहे, दागिन्यांच्या डब्याखाली. दीडशेची गाडी मागच्या आठवड्यात आणली. तीही उघडीच आहे. सध्या त्याला तिचा सायलेन्सर बदलायचा आहे.