सौरडागांचे वेळापत्रक कुठे चुकते

जर्मनीतल्या डेसाऊ गावचा औषधविक्रेता हाइनरिख श्वाबे 1826 पासून सूर्य न्याहाळत बसे, तो बुधाच्याही आत एखादा ग्रह सापडेल या आशेने. ग्रह सापडला नाही, पण डागांच्या वह्या भरत गेल्या. 1833 साली समूह 33, 1837 साली 333 आणि 1843 साली पुन्हा 34. या नोंदींवरून 1844 मध्ये त्याने सुमारे दहा वर्षांचे आवर्तन मांडले. पुढे रुडॉल्फ वोल्फने जुन्या नोंदी धुंडाळल्या, समूहांच्या दसपटीत सुट्या डागांची संख्या मिळवून मोजणीला एक माप दिले आणि 1852 मध्ये 11.1 वर्षांची सरासरी काढली. काम थोर होते. घोटाळा झाला तो ही सरासरी वेळापत्रक म्हणून वापरल्यामुळे. एकेक चक्र नऊ वर्षांत आटोपते, तर एखादे साडेतेरापर्यंत रेंगाळते. गुरूच्या 11.86 वर्षांच्या फेरीशी त्याचा मेळ घालण्याचे प्रयत्नही झाले, पण दर चक्रामागे पाऊण वर्षाचा फरक साचत जातो आणि सात-आठ चक्रांत दोघे विरुद्ध टोकांना जातात.

1908 मध्ये जॉर्ज हेलने डागांतले चुंबकत्व दाखवले आणि या आवर्तनाचे कारण सूर्याच्या पोटातच आहे हे स्पष्ट झाले. डाग सर्वांत कमी असतात तेव्हा सूर्याच्या ध्रुवांवर जेवढे चुंबकत्व साठलेले असते, त्यावर पुढच्या चक्राचा जोर बऱ्याच अंशी ठरतो. डाग सर्वाधिक असतात त्या कळसाच्या तारखेचा रस्ता मला वाटते या जोरातूनच जातो, कारण जोरदार चक्र लवकर चढते आणि दुबळे सावकाश, हे वाल्डमायर या खगोलशास्त्रज्ञाने 1935 मध्येच दाखवले होते.

यावर कोणी म्हणेल, ध्रुवांचे माप हाती असूनही तज्ज्ञ तारखेत चुकलेच ना? चुकले, पण कसे ते पाहावे. चोविसाव्या चक्रासाठी 2007 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळात फूट पडली: एका गटाने वोल्फच्या मापात 140 चा कळस ऑक्टोबर 2011 मध्ये धरला, दुसऱ्याने 90 चा ऑगस्ट 2012 मध्ये. प्रत्यक्षात आकडा त्या वेळच्या मापाने 82 च्या आसपासच थांबला आणि एप्रिल 2014 उजाडला. पंचविसाव्याचा अंदाज होता 115, जुलै 2025. आले सुमारे 161, तेही ऑक्टोबर 2024 मध्येच. अपेक्षेपेक्षा दुबळे चक्र उशिरा आले, जोरदार लवकर. म्हणजे तारखेची चूक ही जोराच्या चुकीमागोमाग आली. दोनच उदाहरणांवर नियम उभा राहत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ध्रुवांच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी 1970 च्या दशकातली, त्यामुळे पडताळ्यासाठी मिळालेली चक्रे अजून एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.