चक्रीय चल (संगणक आज्ञावली)

चक्रीय चल म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीतील असा चल, ज्याचे मूल्य ठरावीक क्रमाने पुढे सरकते आणि शेवटच्या मूल्यानंतर पुन्हा पहिल्यावर येते. भागाकाराची बाकी काढून हे साधतात. सी, जावा, पायथन या भाषांत त्यासाठी % हे चिन्ह आहे.

रविवार ० ते शनिवार ६ असे क्रमांक दिल्यास 'वार = (वार + १) % ७' या विधानाने शनिवारनंतर रविवार येतो. मोजणी १ पासून असल्यास हे सूत्र चालत नाही. 'महिना = (महिना + १) % १२' लिहिले, तर डिसेंबरऐवजी ० मिळतो; तेथे 'महिना = महिना % १२ + १' हवे.

पंचांगातील रीत हीच. महाराष्ट्रात शकवर्षात १२ मिळवून ६० ने भागतात व बाकीवरून संवत्सर ओळखतात; शके १९४६ ची बाकी ३८, म्हणजे क्रोधी. बाकी शून्य उरल्यास साठावे, क्षय संवत्सर धरतात.

खरी फसगत उलट दिशेने जाताना होते. रविवारी '(वार − १) % ७' चे उत्तर पायथनमध्ये ६, पण सी व जावामध्ये −१ येते, कारण तेथे बाकीला भाज्याचे चिन्ह लागते. हा ऋण क्रमांक यादीतील स्थान म्हणून वापरल्यास जावातील आज्ञावली त्रुटी दाखवून थांबते. सीमध्ये मात्र ती काहीही न सांगता स्मृतीतील भलताच मजकूर वाचू शकते, आणि अशी चूक शोधणे फार कष्टाचे असते. म्हणून तेथे '(वार + ६) % ७' लिहितात.