शनिवारचा पाठ आणि सास्तूरचा सवाल

३० सप्टेंबरला आमच्या वर्गातील मुले दोन मिनिटे स्तब्ध उभी राहतात. एका वर्षी सातवीतल्या मुलीने खाली बसताना विचारले, ‘‘सर, जलजला लोगां के गुनाहों से आया था क्या?’’ १९९३ साली आम्ही तीन-चार वर्षांचे होतो. पत्र्याच्या शेडमध्ये वाढलो. तिथेही मोठी माणसे हाच सवाल करीत. फक्त गुनाह नेहमी शेजाऱ्याचा असे.

या सवालाने आम्हाला एका मराठी समाजाच्या इतिहासापर्यंत नेले. तो समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल, आपले मराठी यहुदी. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांच्या धार्मिक प्रमुखाला ‘काजी’ म्हणत आणि प्रार्थनास्थळाला ‘मशीद’! शमुवेल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेले त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखले जाते. शब्द कसे एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातात, ते पाहावे.

या समाजाला शतकानुशतके धर्मग्रंथ हाताशी नव्हता. शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि एक छोटी प्रार्थना एवढेच त्यांनी जपले होते. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे यहुदी शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी (१८३४–१९०५) हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास पूर्वजांच्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. हाईम शमुवेल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली. आज त्या शाळेत बहुसंख्य मुले मुसलमान आहेत, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना विशेष वाटते.

या समाजाने मिळवलेल्या ठेव्यात एक शिस्त होती, ती म्हणजे आठवड्याचा पाठ. तौरातचे ५४ भाग केले आहेत. दर शनिवारी ठरलेला भाग वाचायचा, वर्षात ग्रंथ पुरा करायचा आणि लगेच पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. जगभर एका शनिवारी बहुधा एकच भाग वाचला जातो. वाचून झाले की चर्चा होते : या आठवड्यात आपल्या व्यवहारात, घरात, शेजारात याचा अर्थ काय? आपल्या जुम्याच्या खुतब्याकडूनही आपली हीच अपेक्षा असते.

या पाठात दुसऱ्या शनिवारी हजरत नूह (अलै.) यांची कथा येते आणि चौथ्या शनिवारी हजरत इब्राहीम (अलै.) यांची. यहुदी विद्वान दोहोंची तुलना करतात. काही म्हणतात, तुफानाची खबर मिळाल्यावर नूह यांनी निमूटपणे नाव बांधली, लोकांसाठी रदबदली केली नाही. दुसरे म्हणतात, लोकांनी पाहावे, विचारावे आणि सुधारावे म्हणूनच तर ते वर्षानुवर्षे बांधत राहिले. आपला अकीदा वेगळा आहे. कुरआननुसार नूह यांनी साडेनऊशे वर्षे आपल्या कौमला हाक दिली, म्हणून पैगंबरावरचा तो ठपका आम्हाला मान्य नाही. पण इब्राहीम यांच्याबाबत दोन्ही परंपरा एका जागी येतात. हजरत लूत यांच्या वस्तीवर अजाब येणार हे कळताच इब्राहीम त्या परक्या, बदनाम वस्तीसाठी बोलू लागले. तौरातमध्ये ते पन्नास नेक माणसांपासून घासाघीस करीत दहापर्यंत येतात. सूरह हूदमध्येही त्यांची ती रदबदली आहे. वस्ती वाचली नाही. पण बोलणाऱ्याचे मोठेपण उरले.

आता तारखा पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर-किल्लारीचा भूभाग हादरला, त्याच दिवशी यहुद्यांचा मंडपांचा सण सुरू झाला होता. कच्च्या आडोशाखाली राहून, माणसाचे घर किती तात्पुरते आहे, हे आठवण्याचा तो सण. बरोबर महिन्याने, शनिवार ३० ऑक्टोबरला, जगभर इब्राहीम यांच्या रदबदलीचा भाग वाचला गेला. तेव्हा आमची माणसे शेडमध्ये गुनाहगार शोधत होती! या योगायोगात आम्ही काही संकेत शोधत नाही. पण अजाबाची खबर ऐकून इब्राहीम यांनी त्या वस्तीचे गुनाह मोजले नाहीत, त्यांना त्यातली नेक माणसे आठवली. हे आम्हाला कोणी वेळेवर सांगायला हवे होते, एवढेच.

त्या मुलीला आम्ही सांगितले, ‘‘बेटी, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार. माणसे त्याखाली दबली. त्यात पाळण्यातली लेकरेही होती. त्यांचा कोणता गुनाह?’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘फिर हमारे घर की दीवार देखने आओ ना सर. तडक गई है.’’

आम्ही त्याच संध्याकाळी गेलो.