पंडिता रमाबाई आणि उघडं दार

पंडिता रमाबाई आपल्याला शाळेत भेटल्या त्या ‘जोड्या लावा’मध्ये. समोर ‘शारदा सदन’ लिहिलं की एक गुण मिळायचा. पुढे त्यांच्याविषयी वाचताना कळलं, की त्या एका गुणामागे एक अवघड प्रश्न होता: श्रद्धेच्या वाटेवर कोणाचं ऐकावं आणि कुठवर?

१८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करून रमाबाई पुढच्याच वर्षी इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे त्या राहिल्या. समाजाने ‘पतित’ म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांना या सिस्टर्स फुलहॅमच्या आश्रमात मायेने सांभाळत. ते पाहून रमाबाईंचं मन ख्रिस्ताकडे ओढलं गेलं. नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनानेही त्यांच्या बऱ्याच शंका फिटल्या. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग त्याच सिस्टर्सनी चर्चची सगळी शिकवण निमूटपणे मान्य करावी, असा आग्रह धरला. रमाबाईंनी नकार दिला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत शिरायला त्या तयार नव्हत्या. बायबल स्वतः वाचून ठरवीन, हे त्यांचं म्हणणं. ख्रिस्त मात्र त्यांनी सोडला नाही आणि सिस्टर जेराल्डिनशी पत्रव्यवहारही तोडला नाही. एकाच व्यक्तीकडून चांगलं आणि जाचक, दोन्ही येऊ शकतं. माणूस न टाकता जाच तेवढा नाकारणं त्यांना जमलं.

पण खरी परीक्षा पुण्यात झाली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन १८९० मध्ये इथे आलं. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गदारोळ झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मी कुणाला बोलावत नाही आणि अडवतही नाही, ही रमाबाईंची भूमिका.

मला दोन्ही बाजू पटतात. जिला दुसरा आसरा नाही, अशा विधवेला आश्रयदात्रीचं उघडं दार ही न बोलता केलेली सूचनाही वाटू शकते. पण याच सदनात सुरुवातीपासून शिकलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या आणि त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या दारातून आत न जाताही तिथे राहता येत होतं, शिकता येत होतं.

मला यात एक कसोटी दिसते: ‘नाही’ म्हटल्यावर आपली जागा शाबूत राहते का? आज आपल्यापैकी कुणी पालक आहे, कुणी शिक्षक, कुणाच्या हाताखाली दहा माणसं आहेत. तेव्हा हा प्रश्न आता आपल्याला दुसऱ्या बाजूने सोडवायचा आहे. आणि बाई, याला एका गुणात बसवता येत नाही!